डब्याची जागा

मिरजेहून निघताना मृणालिनीबाई अष्टेकरांनी बांधून घेतलेल्या जिनसांपैकी निम्म्या ऑकलंडच्या विमानतळावरच काढून घेतल्या गेल्या. मेथीचं बी, तुळशीच्या मंजिऱ्या, चंदनाच्या खोडाचा एक तुकडा. तिथल्या मुलीने हातमोजे घालून एकेक पुडी उलगडली आणि फार अदबीने कचऱ्यात टाकली. बाईंनी वाद घातला नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला. नियमाशिवाय वर्ग चालत नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण एक गोष्ट त्या मुलीलाही काढून घेता आली नाही, ती म्हणजे सकाळी लवकर आवरून घराबाहेर पडायची सवय. आणि ऑकलंडच्या हिल्सबरो उपनगरात त्या सवयीचं काय करायचं, हे बाईंना कळेना.

मुलाचं घर उतारावर होतं. मागच्या लाकडी डेकवर उभं राहिलं की मनुकाऊची खाडी दिसायची. भरतीला चांदीसारखी, ओहोटीला नुसता चिखल. प्रसन्न शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, सून भाग्यश्रीही नोकरीवर, नात गार्गी शाळेत. साडेआठला तिन्ही माणसं दार ओढून गेली की घर असं शांत व्हायचं, की फ्रिजची घरघरसुद्धा सोबतीसारखी वाटावी. बाई पोळ्या करून ठेवत, कपडे वाळत घालत, पाऊस आला की काढत, गेला की पुन्हा घालत. ऑकलंडात दिवसातून तीनदा तरी हे करावं लागे. मग चपला सरकवून कोपऱ्यावरच्या हंसाबेनच्या दुकानात जात. किराणा, दूध, आइस्क्रीम सगळं एकाच खोलीत कोंबलेल्या त्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. आधी बाईंना वाटलं होतं, तिथे म्हशी असतील.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मिरजेचं घर विकलं होतं. परत जायला जागा नव्हती, आणि इथे असायला कारण नव्हतं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. गार्गीशी बोलायला गेल्या तर ती मान डोलावून सगळं समजून घ्यायची आणि उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची, "आजी, आय नो, आय नो."

दोन हजार पाचच्या गणपतीत त्यांना कारण मिळालं, आणि तेही अगदी योगायोगाने. माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये आरतीनंतर रमण गद्रे नावाचा चाळिशीचा माणूस माइक हातात घेऊन उभा राहिला. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर, इथे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. आणि शनिवार-रविवारी 'शेजार' नावाचा एक फुकट मासिक पेपर काढायचा. आठ पानं. बरीचशी इंग्रजी, दोन मराठी, एक गुजराती, उरलेल्या जागेत मसाल्याच्या दुकानांच्या नि व्हिसाच्या एजंटांच्या जाहिराती. बंद पडलेल्या एका घरविक्रीच्या पेपरचे जुने पत्र्याचे डबे त्याला मिळाले होते. पुढे काचेसारखं प्लास्टिकचं झाकण, खाली चार बारीक पाय. त्याने ते निळे रंगवले आणि हिल्सबरो, सँडरिंगहॅम, पार मनुरेवापर्यंत फुटपाथांवर नेऊन ठेवले. ज्याला हवा त्याने झाकण उचलावं, पेपर घ्यावा, चालू लागावं.

"डबे आहेत, पेपर आहे," रमण म्हणाला, "पण भरायला माणूस नाही. कुणी वेळ देईल का?"

तरुण मंडळी आपापल्या बुटांकडे बघू लागली. मागच्या रांगेतून एक हात वर आला. प्रसन्नने वळून पाहिलं तर ती त्याची आईच.

त्या दिवसापासून हिल्सबरो आणि आसपासचे डबे मृणालिनीबाईंचे झाले. बाजारहाटाची चाकांची पिशवी ओढत त्या निघत. पेपर महिन्यातून एकदाच यायचा, पण डब्यांकडे लक्ष रोज लागायचं. कुणी आत चिप्सची रिकामी पाकिटं टाकून जायचं, कुणी झाकणावर काळ्या मार्करने आपलं नाव गिरवायचं. आणि गोगलगायी. इथल्या गोगलगायी कागद खातात हे बाईंना ठाऊक नव्हतं. पहिल्या महिन्यात मराठी पानाचा खालचा कोपरा त्यांनी नक्षी काढल्यासारखा कुरतडला होता. बाईंनी डब्याच्या पायांना मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी गुंडाळली. उपाय अर्धामुर्धाच लागू पडला, पण रमणला त्याचंही कौतुक वाटलं.

हंसाबेनच्या डेअरीसमोरचा डबा त्यांचा सगळ्यांत लाडका. घराजवळचा, आणि बसस्टॉपच्या कडेचा. बसची वाट बघणारी माणसं सहज हात घालून पेपर उचलत. एक म्हातारे पंजाबी आजोबा गुजराती पानसुद्धा न्याहाळत बसत, वाचता येत नसलं तरी. ओळखीपाळखी झाल्या. "किया ओरा" असा इथला नमस्कार करून हात करणारा बसड्रायव्हर, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून भर थंडीत दूध घ्यायला येणारा शेजारचा गॅरेजवाला. बाईंचं इंग्रजी शाळेच्या परिपत्रकातलं होतं, पण हळूहळू त्याला रस्त्याची लय आली.

या डब्याची एक अडचण होती. नैर्ऋत्येचा वारा सुटला की पाऊस आडवा येई आणि झाकणाच्या फटीतून सगळे पेपर भिजवून टाकी. मग आभाळ भरून आलं की बाई जाऊन डबा ओढत ओढत दुकानाच्या भिंतीशी, व्हरांड्याच्या छपराखाली लावत. ऊन पडलं की पुन्हा बसस्टॉपकडे. ऑकलंडची हवा कशी असते ते सांगितलंच आहे. त्यामुळे डबा आज इथे तर उद्या तिथे. बाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. वाळत घातलेले कपडे आत-बाहेर करावेत, तसंच हे.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात एका सकाळी त्या गेल्या तर डब्याच्या झाकणावर नारिंगी स्टिकर चिकटवलेलं. फुटपाथवर अडथळा, अमुक दिवसांत हटवा, नाहीतर कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, उचलून नेईल. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. मोठ्या दैनिक पेपरचा डबा जिथल्या तिथे, दुसऱ्या एका घरविक्रीच्या पेपरचा तिथेच, हंसाबेनच्या दुकानाची आइस्क्रीमची पाटीही फुटपाथच्या मध्यावर ऐसपैस उभी. स्टिकर फक्त निळ्या डब्यावर.

रमणला फोन केला तेव्हा तो भडकलाच. "मला माहीत होतं, काकू. आणि हे नुसतं स्टिकर नाही. कौन्सिल नवा नियम आणतंय. मसुदा आलाय. छोट्या रस्त्यांवर एकही डबा नको म्हणतात. मोठ्या पेपरवाल्यांना काय, त्यांचे पेपर सुपरमार्केटात विकतात. मरणार आपण. हा सरळ सरळ आपल्या भाषेवर घाला आहे."

"पण तक्रार कुणी केली?"

"कुणी का केली असेना. नोव्हेंबरात सुनावणी आहे. कुणीही जाऊन पाच मिनिटं बोलू शकतं. आपण हॉल भरून माणसं नेऊ. आणि मुख्य भाषण तुमचं. साडी नेसून या. मी लिहून देतो."

बाई "बघू" म्हणाल्या. पण तक्रार कुणाची हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. दुपारी त्या हंसाबेनकडे गेल्या. हंसाबेनने आधी गल्ल्याशी काहीतरी आवरल्यासारखं केलं, मग ब्रेडच्या पिशव्या सरळ केल्या.

"मृणालिनीबेन, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही," ती शेवटी म्हणाली. "गेल्या महिन्यात, वादळी पावसाच्या दिवशी, आयलीन पडली. त्या डब्यावर."

आयलीन मॅक्रे याच रस्त्यावर वरच्या अंगाला राहायची. सत्तरीला आलेली, एकटी, जन्मापासून दृष्टी नाही. हातात पांढरी काठी घेऊन रोज डेअरीपर्यंत यायची. बाईंनी तिला लांबून पाहिलं होतं, वाट सोडून बाजूलाही झाल्या होत्या. त्या दिवशी डबा भिंतीशी होता. काठी त्याच्या बारीक पायांमधून आरपार गेली, तिला काही लागलंच नाही, आणि आयलीन सरळ पत्र्यावर जाऊन आदळली. मनगट मोडलं. हंसाबेनने तिला आत आणून बसवलं होतं, अँब्युलन्स बोलावली होती.

बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. डबा भिंतीशी कुणी लावला होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," भाग्यश्री भांडी लावता लावता म्हणाली.

"मुद्दाम केलं नाही, पण केलं मीच ना गं."

प्रसन्नचं म्हणणं वेगळं. "हे बघ, आता त्या बाईंकडे जाऊबिऊ नकोस. उगाच अंगाशी येईल. आपण इथे नवे आहोत. कौन्सिल, तक्रारी, सुनावण्या, यात कशाला पडायचं?"

बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात बेसनाचे लाडू भरून आयलीनचं दार वाजवलं.

दारात उभ्या राहिलेल्या बाईचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता. पांढरे केस आखूड कापलेले, अंगात हाताने विणलेला जाड स्वेटर. मृणालिनीबाईंनी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य ऐनवेळी पळालं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो डबा माझा आहे. निळा. मीच तो भिंतीशी ठेवला होता."

आयलीनने मान आवाजाच्या दिशेने वळवली. मग म्हणाली, "तुमचं नाव काय?"

"मृणालिनी."

"पुन्हा सांगा. सावकाश."

बाईंनी पुन्हा सांगितलं. आयलीनने ते एकदा ओठांतल्या ओठांत, एकदा मोठ्याने म्हटलं, अगदी स्वच्छ. दोन वर्षांत या देशात कुणी गोऱ्या माणसाने ते असं म्हटलं नव्हतं. "जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं मी," ती म्हणाली. "नाव चुकलं की फोन चुकतो. आत या. चहा तुम्हाला करावा लागेल, माझा एक हात सुट्टीवर आहे."

चहा झाला. लाडवाचा वास घेऊन आयलीनने त्यात काय काय आहे ते ओळखायचा प्रयत्न केला. वेलदोडा बरोबर आला, तूप नाही. मग मृणालिनीबाईंनी विचारलंच, की तुम्हाला डबा तिथून कायमचा हलवून हवा आहे का.

"मी कौन्सिलला फोन केला तो कुणीतरी येऊन बघावं म्हणून," आयलीन म्हणाली. "हटवा असं मी म्हटलं नव्हतं. फुटपाथवर वस्तू असणारच. दिव्याचा खांब आहे, बाकडं आहे, त्यांचं नि माझं काही भांडण नाही. ते रोज तिथेच असतात. मी भिंतीच्या कडेकडेने चालते. दुकानांच्या भिंतींवरून आवाज परत येतो, काठी भिंतीला लागते, दार कुठे आहे ते कळतं. ती माझी वाट. तुमचा डबा सोमवारी रस्त्याकडच्या कठड्याशी, मंगळवारी भिंतीशी. त्याची ओळखच होत नव्हती मला."

मृणालिनीबाईंनी कप खाली ठेवला. "आणि पाय," त्या म्हणाल्या. "काठी खालून निघून जाते."

"हो. खाली जमिनीपर्यंत भरीव असता, तर मी टकटक केलं असतं आणि वळसा घालून गेले असते. तुम्हाला कळलंही नसतं मी येऊन गेले ते."

त्या दिवशी दोघी डेअरीपर्यंत बरोबर गेल्या. आयलीन पुढे, मृणालिनीबाई अर्धं पाऊल मागे. वाटेत त्यांना कितीतरी गोष्टी नव्याने दिसल्या. गॅरेजवाल्याची गाडी फुटपाथवर निम्मी चढवलेली. कुंपणाबाहेर डोक्याच्या उंचीवर आलेली एक फांदी. हंसाबेनची आइस्क्रीमची पाटी, जिला त्या रोज वळसा घालत आणि तो वळसा आहे हेही त्यांना कधी जाणवलं नव्हतं.

रमणला हे पटवणं म्हणजे खडकावर पेरणी होती. तो रविवारी घरी आला, सोबत टाइप केलेलं भाषण घेऊन. त्यात अल्पसंख्याक, दडपशाही असे शब्द होते. बाईंनी ते वाचून घडी करून त्याच्यासमोर ठेवलं.

"मी हे नाही वाचणार, रमण."

"काकू, एका बाईसाठी सगळा पेपर बंद करायचा?"

"बंद करायला कोण म्हणतंय? डबा एका जागी बांधून टाक म्हणतेय. कठड्याच्या बाजूला, दिव्यांच्या खांबांच्या रांगेत. पावसाचं बघू काहीतरी. आणि खाली पत्रा लाव, जमिनीपर्यंत."

"आणि मोठ्या पेपरचे डबे? त्यांना कुणी काही बोललं नाही ते?"

"त्यांनाही तेच लागू करा म्हणून सांगायचं. एकालाच शिक्षा झाली की वर्ग बिघडतो, तुझं ते बरोबर आहे. पण रमण, त्या बाईचं मनगट मोडलंय. ते मोडलं नाहीच असं धरून मला बोलता येणार नाही."

रमणने चहाचा कप बाजूला सारला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूने बोलणार."

"मी फुटपाथच्या बाजूने बोलणार," बाई म्हणाल्या. रमणने भाषण खिशात घातलं आणि निघून गेला. जाताना पोह्यांची बशी अर्धीच राहिली. पुढचे दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. पेपरचे गठ्ठे मात्र वेळेवर दाराशी येऊन पडले.

घरात प्रसन्न अजून धुसफुसत होता. भाग्यश्री त्याला एका संध्याकाळी म्हणाली, "त्या भांडायला नाही चालल्या. मत मांडायला चालल्यात. इथे टॅक्स भरतोस ना तू? मग तुझ्या आईला पाच मिनिटं मिळायला काय हरकत आहे?" सासू-सुनेत तोवर सगळं गोड होतं, पण पाहुण्यांसारखं गोड. त्या संध्याकाळपासून ते बदललं. भाग्यश्री ऑफिसातून आली की दोघी टेबलाशी बसत. बाई मराठीत सांगत, ती इंग्रजीत कसं म्हणतात ते सांगे. 'काइंडली डू द नीडफुल' तिने ठामपणे काढून टाकलं.

"का गं? इतकी वर्षं लिहिलं मी हे."

"आई, इथे कुणाला कळत नाही नेमकं काय करायचं ते. काय हवंय ते सरळ सांगायचं."

सुनावणीच्या दिवशी भाग्यश्रीने अर्धी रजा टाकली आणि दोघी म्हाताऱ्यांना गाडीतून घेऊन गेली. घोड्याच्या नालेसारखं टेबल, भोवती कौन्सिलची माणसं, मधोमध करड्या सुटातल्या अध्यक्षबाई. लोक एकेक करून येत. कुणी फुटपाथवरच्या कॉफीच्या टेबलांबद्दल बोललं, कुणी फुलांच्या बादल्यांबद्दल. वेळ संपली की छोटी घंटा वाजे.

रमण आधी बोलला. मागे त्याची दहा-बारा माणसं बसली होती. त्याने मनुरेवातल्या एका आजींची गोष्ट सांगितली, ज्यांना या देशात वाचता येण्याजोगी एवढीच दोन पानं महिन्यातून मिळतात. ती गोष्ट खरी होती. पण मग तो दडपशाहीवर घसरला, आणि टेबलाभोवतीच्या माणसांचे चेहरे दार लोटून घेतल्यासारखे झाले. घंटा वाजली तरी तो बोलत राहिला.

मग आयलीन आणि मृणालिनीबाई. दोघींनी वेळ वाटून घेतली होती. आयलीनने भिंतीची वाट, काठी आणि बारीक पाय यांबद्दल सांगितलं, अगदी निवांत, जणू फोनवर कुणाला पत्ता सांगतेय. नंतर मृणालिनीबाई उठल्या. हातात कागद होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"किया ओरा," त्या म्हणाल्या. "मी भूगोल शिकवला. नकाशावर गाव एकदा काढलं की ते तिथेच राहावं लागतं. तरच मुलांना सापडतं. आयलीनच्या मनात या रस्त्याचा नकाशा आहे आणि माझा डबा त्यात रोज जागा बदलत होता. तो मी बदलत होते. मला कुणी बदलू नको म्हटलं नाही, कारण तसा नियमच नव्हता. असता तर मी पाळला असता. तुम्ही आता सगळेच डबे काढायला निघालात. त्याने फुटपाथ मोकळा होईल, पण या रस्त्यावर मला ज्यांनी ओळख दिली ती माणसं त्या डब्यापाशीच भेटली. म्हणून माझी विनंती अशी आहे, की बंदी नको, नियम द्या. भिंतीची बाजू पूर्ण मोकळी. डबे कठड्याकडे, खांबांच्या रांगेत, जमिनीला बोल्टने पक्के. खालपर्यंत भरीव. वर मालकाचं नाव आणि फोन नंबर, म्हणजे आयलीनला फोन कुणाला करायचा ते कळेल. आणि हे सगळ्यांना, मोठ्या पेपरलासुद्धा."

टोकाला बसलेल्या एका माणसाने विचारलं, "तुमच्याच संपादकांनी आत्ता सांगितलं की हा तुमच्या समाजावरचा अन्याय आहे. मग खरं काय मानायचं?"

बाईंनी मागे वळून रमणकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"त्याला राग आलाय, कारण रस्त्यावर डबे बरेच होते आणि स्टिकर आमच्याच डब्यावर लागलं," त्या म्हणाल्या. "त्याचा राग बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा लागला की तो जाईल. आणि डबे दुरुस्त करायला तोच पुढे येईल. मी त्याला ओळखते."

कुणीतरी हसलं, पण वाईट हसणं नव्हतं ते. अध्यक्षबाईंनी आयलीनला आणखी दोन प्रश्न विचारले आणि उत्तरं स्वतःच्या हाताने लिहून घेतली. घंटा वाजली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

बाहेर पडताना रमण दाराशी उभा होता. आयलीन आली तसा तो पुढे झाला. म्हणाला, "मी रमण. ते डबे माझे."

"पाय फार बारीक केलेस तू," आयलीन म्हणाली.

"ते आधीपासूनच होते," रमण म्हणाला, आणि मग, "पण मी बघायला हवं होतं."

निकाल यायला इथला डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळा उलटावा लागला. दरम्यान निळा डबा हंसाबेनच्या मागच्या खोलीत पडून होता आणि पेपर तिच्या गल्ल्याशेजारी. फेब्रुवारीच्या शेवटी कौन्सिलने नवा नियम मंजूर केला. बंदी गळाली होती. भिंतीची बाजू मोकळी, डबे कठड्याच्या पट्ट्यात, पक्के, तळापर्यंत भरीव, वर नाव नि नंबर. दुकानांच्या पाट्यांनाही तोच पट्टा. सगळंच मनासारखं झालं नाही. फुटपाथची किमान रुंदी ठरली, आणि सँडरिंगहॅममधल्या दोन जागा त्यात बसल्या नाहीत. त्यातली एक देवळाच्या हॉलसमोरची. तिथला डबा सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा. रमणला ते लागलं. तरी पुढचे चार-पाच शनिवार त्याच्या गॅरेजमधून वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. प्रत्येक डब्याला त्याने खाली पत्र्याचा घेर लावला आणि वर पुढे आलेलं छप्पर, पाऊस आडवा आला तरी फटीत शिरू नये म्हणून. गोगलगायींचा प्रश्नही त्या घेराने आपोआप सुटला. त्यांना चढायला पायच उरले नाहीत.

हंसाबेनच्या दुकानासमोर डबा बसवला तेव्हा प्रसन्न स्वतः ड्रिल घेऊन आला होता. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने डबा दोन्ही हातांनी हलवून बघितला. हलला नाही. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं गॅरेजवाला पलीकडून म्हणाला. प्रसन्नने आईकडे बघितलं आणि तिच्या हातातली पेपरांची चळत घेऊन आत नीट लावली.

आयलीन आता बुधवारी सकाळी डब्यापाशी येते, काठीने त्याला एकदा टकटक करते आणि वळसा घालून बाकावर बसते. मृणालिनीबाई तिला मराठी पान वाचून दाखवतात. पहिल्यांदा त्या अर्थ सांगायला लागल्या तर आयलीनने थांबवलं. "अर्थ नंतर. आधी नुसतं ऐकू दे." तिला 'ळ' फार आवडतो. तो तिला अजून नीट जमत नाही, पण आंबोळीची कृती वाचताना ती मध्येच तो शब्द बरोबर पकडते.

मार्चमध्ये आयलीन ज्या अपंगांच्या सल्लागार गटात होती त्यांनी बाईंना विचारलं, की नव्या नियमाप्रमाणे रस्ते ठीक आहेत का ते चालून बघायला तुम्ही याल का. बाईंनी गार्गीला सांगितलं तेव्हा ती आधी नेहमीसारखी "कूल, आजी" म्हणाली. मग थांबून, जरा अडखळत, मराठीत म्हणाली, "मी पण येऊ? सुट्टीत?"

गार्गीची सुट्टी लागायच्या आधीच, पहिल्या फेरीला दोघी ओनेहंगाच्या बाजारात गेल्या. आयलीन भिंतीच्या कडेने, मृणालिनीबाई गळ्यात नवं ओळखपत्र अडकवून शेजारी. एका फुलवाल्याने भिंतीला लागून बादल्यांची लांब रांग मांडली होती, लिली आणि डेलिया. आयलीनची काठी पहिल्या बादलीला लागली आणि ती थांबली. फुलवाला आतून धावत आला, माफी मागायला की भांडायला ते त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"हॅलो," मृणालिनीबाई इंग्रजीत म्हणाल्या. "फुलं छान आहेत. फक्त त्या बाजूला नेऊ या का? मी धरते एक."

त्यांनी बादली उचलली. जड होती, पाणी त्यांच्या चपलांवर सांडलं. फुलवाल्याने दोन घेतल्या. तिसरीच्या वेळी तो आयलीनला विचारत होता, की कडेपासून नेमकी किती आत ठेवू.